डोंगरनगरीचा हौद

ही गोष्ट मला जशीच्या तशी आठवते आहे, असे म्हणायचा धीर होत नाही. लहानपणी ऐकली तेव्हा तिच्यात एक हत्तीही होता असे वाटते. पण तो हत्ती दुसऱ्याच एखाद्या गोष्टीतून चालत आला असेल. म्हणून हत्ती सोडून देतो आणि ज्याविषयी त्यातल्या त्यात खात्री आहे, तेवढेच सांगतो.

फार मागे, ढगांना अजून रस्त्यांतून चालायची सवय होती तेव्हा, एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक नगरी होती. सकाळी दार उघडले की ढग घरात यायचा, चुलीपाशी थोडा घुटमळायचा आणि मागच्या दाराने निघून जायचा. भिंती ओल्या, कौले ओली, मांजरांच्या मिशासुद्धा ओल्या. पण दारात घागर ठेवली, तर संध्याकाळपर्यंत ती कोरडीच. ढगाला हात लावता येई, पिता येत नसे.

पिण्याचे पाणी होते ते खाली दरीतल्या झऱ्यावर. बायका उजाडता उजाडता उतरत आणि ऊन चढू लागले की भरल्या घागरी घेऊन वर येत. ती वाट इतकी जुनी होती, की कातळात पावलांचे खळगे पडले होते. नव्या सुनेला वेगळे काही शिकवावे लागत नसे. तिने फक्त खळग्यात पाऊल ठेवत जायचे.

नगरीचा राजा मनाचा चांगला होता. तरुणपणी तो कुस्ती खेळत असे. राजा झाल्यावर कुस्ती सुटली, पण ओल्या मातीचा वास आला की त्याचे डोळे अजून आपोआप मिटत.

त्या नगरीत एक रीत होती. सुगी झाली की राजा सज्जात येऊन उभा राही आणि विचारी, "यंदा तुमच्यासाठी काय बांधू?" डोंगरावर वारा मोठा. लांब वाक्य वाटेतच विरून जाई. म्हणून साऱ्या नगरीने आधी आपसात ठरवायचे आणि मग एका आवाजात एकच शब्द ओरडायचा, असे ठरून गेले होते. त्या शब्दाला ते 'एकबोल' म्हणत. कधी तरी 'पूल' असा एकबोल झाला होता, पूल झाला. कधी 'घंटा' झाला होता, घंटा झाली. राजाने एकबोल कधी मोडला नव्हता.

त्या वर्षी सुगी चांगली झाली होती. लोक चौकात जमले आणि कोणता शब्द म्हणायचा यावर वाद सुरू झाला.

"'पाणी' म्हणू या," एक जण म्हणाला.

"पाणी काय बांधतात होय?"

"मग 'विहीर' म्हणा."

"या कातळात? खण तू. तुझ्या पणतवाला लागेल पाणी."

शेवटी एक गवंडी म्हणाला, "वरच्या कड्यातून बारा महिने पाझर येतो आणि नुसता वाहून जातो. तो आणून साठवला तर? 'हौद' म्हणू या."

हे सगळ्यांना पटले. लोक सज्जाखाली गेले. राजाने विचारले. आणि साऱ्या नगरीने एका आवाजात आरोळी ठोकली, "हौद!"

आता गंमत पाहा. तालमीत जिथे कुस्ती खेळतात, त्या तांबड्या मातीच्या खड्ड्यालाही हौदच म्हणतात. राजाचे सगळे तरुणपण त्या हौदात गेले होते. तो शब्द वाऱ्यावरून वर आला आणि राजाच्या मनात दुसरा कुठला हौद उगवलाच नाही.

"ऐकलंत?" तो प्रधानाला म्हणाला. "ऐकलंत ना? यांनाही तेच हवंय! मी इतकी वर्षं लाजत होतो हो, आपली हौस लोकांवर कशी लादायची म्हणून."

प्रधानाला क्षणभर काही तरी खटकले. पण राजाचा चेहरा इतका उजळला होता, की त्याला ते विचारवले नाही.

काम सुरू झाले. नगरीच्या मधोमध मोठा गोल खड्डा खणला जाऊ लागला आणि त्याच्या चारी बाजूंनी दगडी पायऱ्या चढू लागल्या. राजा पाही आणि त्याला त्या पायऱ्यांवर बसलेली माणसे दिसत. बायका पाहत आणि त्यांना त्याच पायऱ्या पाण्यात उतरताना दिसत. एकाच खड्ड्यात दोन स्वप्ने शेजारी शेजारी मावली होती आणि एकाचा धक्का दुसऱ्याला लागत नव्हता.

"अगं, केवढा हा हौद!" एक बाई दुसरीला म्हणाली. "म्हशी पोहतील यात."

"म्हशींचं सोड. आधी तुझ्या नवऱ्याला बुडव. दसऱ्याला अंघोळ केली होती त्यानं."

सगळे हसत. पुरुष स्वतः होऊन दगड वाहायला येत. खजिना भराभर रिता होत होता, पण कुणाला त्याचे काही वाटत नव्हते. हौद होत होता ना!

मग एके दिवशी तांबड्या मातीच्या गाड्या आल्या.

"माती कशाला?" बायकांनी गाडीवानाला विचारले.

"हौदात माती नाही घालायची, तर काय घालायचं?"

"पाणी!"

"घालणार ना, पाणी पण घालणार," गाडीवान म्हणाला. "ताक, हळद, तेल, सगळं घालणार. मातीवर."

तेव्हा लोकांना उमगले. आता कुणी तरी जाऊन राजाला सांगायला हवे होते. पण त्याच वेळी राजा स्वतः पायी आला. त्याने ओंजळभर माती उचलली, नाकाशी नेली, आणि त्याचे डोळे भरून आले. "तुम्ही माझ्या मनातलं मागितलंत," तो म्हणाला. "मला वाटायचं, राजाला कुणी ओळखतच नाही."

आता हे कोण सांगणार? वरच्या आळीला वाटले, खालची आळी सांगेल. खालच्या आळीला वाटले, गवंडी सांगेल. गवंडी म्हणाला, "पुढच्या एकबोलाच्या वेळी बघू."

आणि खरे सांगायचे तर, तो हौद देखणा झाला होता. हे मी मुद्दाम सांगतो, नाही तर राजावर अन्याय होईल. संध्याकाळी ढग पायऱ्यांवर येऊन बसत आणि मधोमध ती तांबडी माती दिव्यासारखी उजळे. पोरे शड्डू ठोकत. म्हातारे आपापल्या जुन्या कुस्त्या सांगत, त्यातल्या निम्म्या न झालेल्या. ज्यांनी पाण्यासाठी आरोळी ठोकली होती, तेही तिथे रमले.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. डोंगरावरचा वारा मातीला सुकवतो, आणि सुकलेल्या मातीत कुस्ती होत नाही. माती रोज भिजवावी लागे. म्हणून दवंडी फिरली, की प्रत्येक घराने रोज एक घागर आधी हौदाला द्यावी आणि मग चुलीला. म्हणजे बायकांना आता एका खेपेच्या जागी दोन खेपा पडू लागल्या. पाणी साठवायला मागितलेला हौद पाणी पिऊ लागला.

त्या नगरीत एक पहिलवान होता. साऱ्या डोंगरात त्याला जोड नव्हती. त्याची बायको गरोदर होती. आदल्या वर्षीही तिला दिवस गेले होते, पण भरल्या घागरीसह ती त्या वाटेवर घसरली आणि मूल हाती लागले नाही. त्याविषयी दोघे बोलत नसत. पण या खेपेला ती उतरायला निघाली, की पहिलवान तिच्या आधी दारात जाऊन उभा राही.

"मी आणतो पाणी," तो म्हणायचा.

"आणि वस्तादांना काय सांगाल?"

वस्ताद म्हणजे त्याचे गुरू. त्यांची सक्त ताकीद होती, की मैदान होईपर्यंत डोक्यावर ओझे घ्यायचे नाही, मान आखडते. आणि मैदान आता जवळ आले होते. नव्या हौदात पहिलीच मोठी कुस्ती होणार होती, नदीकाठच्या राज्यातल्या नामांकित मल्लाशी.

एका संध्याकाळी तो सराव करून घरी आला, तेव्हा बायकोने विचारले, "आज माती कशी होती?"

"लोण्यासारखी."

"असायचीच. शेजारणीला ताप आहे. तिचीही घागर मीच ओतली."

पहिलवानाने घास खाली ठेवला. "तू हौदाच्याच दोन खेपा केल्यास?"

"घरची धरून तीन. आपल्या घरात पाणी नको?" ती हसली. "जेवा आता. आणि मैदान मारून या, म्हणजे सुटेन मी."

मैदानाचा दिवस आला. त्या दिवशी माती जास्त भिजवायची होती, म्हणून घराघरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या घागरी हौदात रित्या झाल्या. पायऱ्या माणसांनी फुलल्या. ढगसुद्धा त्या दिवशी गर्दी बघून बाजूला सरले होते, असे सांगतात. हलगी वाजू लागली. वस्ताद काठाला उभे राहिले. त्यांचा एक नियम साऱ्या नगरीला पाठ होता: कुस्ती निकाली होण्याआधी जो हौद सोडील, त्याने लंगोट खुंटीला टांगायचा, तो कायमचा.

नदीकाठचा मल्ल अंगाने आडवा आणि तोंडाने मोकळा होता. पहिलवानाच्या हाताला हात लावताना तो म्हणाला, "उंचावर राहता राव तुम्ही. आपटायला सोपं जाईल."

"खाली उतरवायला तर बोलावलंय तुला," पहिलवान म्हणाला.

कुस्ती रंगली. कधी हा वर, कधी तो. राजा आसनावरून उठून उभा राहिला होता. अखेर पहिलवानाने मल्लाला खाली घेतले आणि त्याच्या मानेवर गुडघा ठेवला. आता फक्त पाठ लावायची बाकी होती.

इतक्यात पायऱ्यांवरून एक बाई धडपडत खाली आली. ती पहिलवानाची शेजारीण होती. अंगात ताप, हातात रिकामी घागर.

"पहिलवान!" ती ओरडली. "तुमच्या बायकोला कळा लागल्यात. सुईण पाणी मागतेय. तुमच्या घरात नाही, माझ्या घरात नाही, आख्ख्या आळीत नाही! बाळ अडलंय. सगळं पाणी इथं ओतलंय हो!"

हलगी थांबली.

"कुस्ती होऊ दे आधी," वरून कुणी तरी म्हणाले. "दोन श्वासांचं काम आहे!"

पहिलवानाचा एक हात त्या वेळी मातीत रुतलेला होता. माती गार होती, मऊ होती. अगदी लोण्यासारखी. त्याने पकड सैल केली.

"काय रे, दमलास?" खालून मल्लाने विचारले.

"घरात पाणी नाही. बायको अडलीय."

"मग माझ्या मानेवर बसून काय करतोयस?"

"सोडली तर मी हरलो. पुन्हा मातीत उतरता येणार नाही."

मल्लाने मान तिरकी करून वर पाहिले. "आणि दोघांनी सोडली तर?"

"तसं कधी ऐकलं नाही."

"मग आता ऐकतील लोक," मल्ल म्हणाला. तो उठला, सलामीला देतात तशी मूठभर माती घेऊन त्याने पहिलवानाच्या हातावर ठेवली आणि आपला हात पुढे केला. पहिलवानाने त्याच्या हातावर माती ठेवली. मग दोघे पायऱ्या चढून, गर्दीतून वाट काढत, वेशीकडे धावत सुटले. कुणी तरी त्यांच्याकडे दोन मोठे हंडे दिले.

गर्दीत एकच गलका झाला. वस्ताद काही बोलले, पण वाऱ्याने ते उडवून नेले. राजा संतापला होता. आपल्या हौदाचा अपमान झाला असे त्याला वाटत होते. तो त्यांच्या मागोमाग वेशीपर्यंत आला आणि तिथे थबकला.

राजाची पालखी नेहमी दुसऱ्या बाजूच्या रुंद रस्त्याने जाई. ही वाट त्याने कधी पाहिलीच नव्हती. त्याने खाली वाकून पाहिले. कातळात पावलांचे खळगे होते, एकाखाली एक, ढगात शिरेपर्यंत. त्याने जोडा काढून एका खळग्यात आपले पाऊल ठेवून पाहिले. ते मावेना. खळगे लहान पावलांचे होते.

सगळी नगरी त्याच्या मागे येऊन उभी राहिली. खाली दोन तांबडी माणसे ढगात नाहीशी झाली. मग बराच वेळ काहीच दिसेना. बायका कधी वाटेकडे पाहत, कधी पहिलवानाच्या घराकडे. सुईण एकदा दारात येऊन गेली. वाटेकडे पाहून तिने दार ओढून घेतले.

अखेर ढगातून एक हंडा वर आला, मग त्याखालचे डोके, मग मातीने माखलेले पाय. मागोमाग दुसरा. वेशीत पोचताच पहिलवान कुणाकडे न पाहता सरळ घराकडे धावला. बायकांनी मल्लाच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला आणि त्याही धावल्या. मल्ल धपकन दगडावर बसला.

"महाराज," तो धापा टाकत म्हणाला, "आमच्या उशाला नदी आहे. म्हणून आम्हाला एकच हौद पुरतो. तुम्हाला एक कसा पुरतो?"

"लोकांनी एकच मागितला होता," राजा ताठपणे म्हणाला.

"कुठला?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानेही कुणाला विचारला नव्हता. तो हळूच लोकांकडे वळला.

"तुम्ही कुठला हौद मागितला होता?"

वारा पडला होता. मग तापाने फणफणलेली ती शेजारीण पुढे आली. तिच्या हातात अजून ती रिकामी घागर होती.

"पाण्याचा, महाराज."

"मग माती आली तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुम्ही रडत होतात," ती म्हणाली. "आम्हाला कसंसंच झालं."

राजा काही बोलणार होता. पण त्या शांततेत, कुठून तरी लांबून, ढगात गुंडाळल्यासारखा एक बारीक आवाज आला. मग मोठा. मग खणखणीत. लहान बाळ रडत होते.

सुईण दारात आली आणि पदराला हात पुसत तिने हाक दिली, "मुलगी! आई ठीक आहे. आणि पोरीचा आवाज ऐका. शड्डू ठोकूनच आलीय!"

वेशीवर सगळी माणसे हसू लागली. काही रडतही होती. राजा त्या कातळावर एका पायात जोडा नसलेला तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून हौदातली माती काढायचे काम सुरू झाले. पहिली पाटी राजाने उचलली. माती टाकून दिली नाही. ती खाली झऱ्याजवळच्या झाडांखाली पसरली, जिथे ती वाऱ्याने सुकत नसे. पुढच्या कुस्त्या तिथेच झाल्या. लोक गवतावर बसून पाहू लागले. दगडी पायऱ्यांची आठवण कुणाला फारशी झाली नाही.

पण हौदात पाणी लगेच आले नाही. हेही सांगायला हवे. खजिना रिता झाला होता. कड्यातला पाझर आणायचा, तर नळ हवे, चुना हवा, हात हवेत. जे एका सुगीत झाले असते, त्याला कितीतरी सुग्या लागल्या. ज्यांनी 'हौद' म्हणून आरोळी ठोकली होती, त्यांतल्या काही म्हाताऱ्यांनी भरलेला हौद पाहिलाच नाही. राजाला याचा कधी विसर पडला नाही. तो स्वतः चुना मळायला बसे आणि कुणी 'राहू द्या महाराज' म्हटले, की नुसती मान हलवी.

अखेर पाणी आले. ज्या बायकांनी त्या पायऱ्यांचे आधी स्वप्न पाहिले होते, त्यांना त्या तशाच पाण्यात उतरताना दिसल्या. ढग आता हौदाशी थांबत, वाकून पाहत आणि पुढे जात.

एकबोलाची रीत तशीच राहिली. फक्त शब्द ऐकला की राजा सज्जातून खाली येई, दारोदार हिंडे आणि प्रत्येक घरी विचारी, "कुठला? आणि कुणाला हवाय?" याला फार दिवस लागत. प्रधान कुरकुर करी. राजा ऐकत नसे.

तात्पर्य, मला जेवढे उमगले तेवढे: सर्वांच्या पैशाने सर्वांसाठी काही बांधायचे, तर आधी कुणाची घागर रिकामी आहे ते दारी जाऊन विचारावे, आणि ज्याची रिकामी आहे, त्याने देणाऱ्याच्या आनंदाकडे पाहून गप्प बसू नये. खेळ हवाच, पण तो तहान भागल्यावर गोड लागतो.

पहिलवानाने लंगोट खुंटीला टांगला की नाही, हे मात्र गोष्टीत कुणी सांगितले नव्हते. पुष्कळ वर्षांनी मी एका तालमीच्या वस्तादांना भेटून विचारले आणि खात्री करून घेतली. जी कुस्ती निकाली होत नाही, ती बरोबरीत सुटली असे म्हणतात. तिच्यात हार कुणाचीच धरत नाहीत आणि लंगोटही कुणी टांगत नाही.